डावीकडून येणारे गोल

गोल पडला तेव्हा अख्खं स्टेडियम सूर्याला शिव्या घालत होतं. ऑक्टोबरातलं उतरतं, तिरपं ऊन. डोळ्यांवर आलं तर गोलकीपर बिचारा काय करणार? "टोपी घाल रे होचॉल, टोपी!" असं समोरच्या पायऱ्यांवरच्या बायका ओरडल्या. म्हाताऱ्यांच्या घोळक्यातला ढोल क्षणभर थांबला आणि पुन्हा दुप्पट जोरात वाजू लागला.

मैदानाच्या कडेला बाकावर बसलेल्या प्यो दुसॉनने मात्र सूर्याला शिव्या दिल्या नाहीत. गोलकीपरांना शिकवणं हे त्याचं काम. स्वतः पंधरा-सोळा वर्षं गोलमध्ये उभं राहून त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी झाली होती. त्याने पाहिलं होतं ते असं: ऊन होचॉलच्या उजव्या गालावर होतं. चेंडू आला होता डावीकडून, सावलीतून. साधा, लांबून मारलेला, शाळेतल्या पोरीनेही अडवावा असा चेंडू. आणि बांग होचॉल, चिंदाल्ले क्लबचा पहिला गोलकीपर, तुमन शहराचा लाडका, तो चेंडू जवळजवळ पोचेपर्यंत जागचा हललाच नव्हता.

प्योच्या मनात पाल चुकचुकली. कारण हा पहिला गोल नव्हता. उन्हाळ्यानंतर असे आणखी काही पडले होते, आणि त्यातला एकूण एक डावीकडून.

चुकणारा कीपर सगळीकडे चुकतो, हे प्योला ठाऊक होतं. उंच चेंडूला चुकतो, पायात येणाऱ्याला चुकतो, कधी नुसता घाबरून चुकतो. एकाच बाजूला चुकतो तो ठरवून चुकतो. निदान प्योने आयुष्यात जे पाहिलं होतं त्यावरून तरी असंच होतं. तरुणपणी तो दुसऱ्या एका क्लबात राखीव कीपर होता. तिथला पहिला कीपर त्याच्याच खोलीत राहायचा, एकाच पातेल्यातून दोघं भात खायचे. एके दिवशी पोलीस आले आणि त्या माणसाला खोलीतून घेऊन गेले. दोन मोसम तो मॅच विकत होता. "तू रोज त्याच्या शेजारी झोपायचास आणि तुला कळलं नाही?" असं तेव्हा प्योला जो तो विचारायचा. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांत जे असायचं ते तो अजून विसरला नव्हता. पुन्हा कुणी आपल्याला तसं विचारायला नको, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

चिंदाल्ले म्हणजे वसंतात डोंगरावर फुलणारं गुलाबी फूल. क्लबचा शर्टही त्याच रंगाचा, त्यामुळे बाहेरगावचे लोक "आले फुलवाले" म्हणून चिडवत. पण तुमनमध्ये त्या शर्टाची टिंगल करायची कुणाची छाती नव्हती. गाव चीनमधलं, वस्ती कोरियन; नदीपलीकडे उत्तर कोरिया, अर्धी तरुण माणसं कामधंद्याला दक्षिण कोरियात, शाळा ओस पडत चाललेल्या. अशा गावात शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसून कोरियन भाषेत ओरडायची ती एकच जागा उरली होती. तिथे कुणी गद्दारी करत असेल तर ती नुसती खेळातली नव्हती.

तेव्हापासून प्यो होचॉलवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागला.

आणि लक्ष ठेवलं की दिसतंच. आधी सराव संपल्यावर होचॉल सगळ्यांबरोबर शेगडीभोवती बसायचा, मटणाच्या सळया भाजायचा, मोठमोठ्याने खोटं खोटं भांडायचा. आता आंघोळ झाली की केस ओलेच ठेवून निघून जायचा. मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, बसस्थानकामागे त्याला न्यायला एक पांढरी व्हॅन यायची. नंबरप्लेट बाहेरच्या प्रांताची. चालवणारा माणूस काळ्या जाकिटातला, सिगारेट ओठातून न काढता बोलणारा.

बुधवारी प्योने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल कुठे होतास? फोन लागत नव्हता."

"सासुरवाडीला, सर. कोबी घालायचा होता ना किमचीचा. दिवसभर मीठच चोळत होतो."

प्योने त्याच्या हातांकडे पाहिलं. दिवसभर मीठ आणि मिरची चोळलेले हात असे नसतात. सरावात तो मुद्दाम डावीकडे चेंडू मारत राहिला. होचॉलने एकूण एक पकडला. मान जरा जास्त वळवून, पण पकडला.

'म्हणजे येतं याला,' प्योने मनात म्हटलं. 'सरावात येतं आणि मॅचमध्ये येत नाही.'

रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो क्लबचे मॅनेजर लुआन यांच्या खोलीत गेला. लुआन शन्यांग शहरातून आलेले हान चिनी, मालक कंपनीने नेमलेले. कोरियन येत नाही, फुटबॉल जेमतेम, पण खुर्चीत बसायची कला अवगत.

"साहेब, आरोप नाही करत मी," प्यो म्हणाला. "फक्त म्हणतो, होचॉलवर जरा लक्ष असू द्या."

लुआननी चहाच्या कपावरचं झाकण अलगद बाजूला केलं. "लक्ष म्हणजे?"

"म्हणजे... तो कुणाला भेटतो वगैरे."

"समजलं," लुआन म्हणाले. इतक्या पटकन समजलं, की प्यो चपापला. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण ते काय हे सुचेना. तो उठून आला.

शनिवारी संघाची नावं लागली तेव्हा होचॉलचं त्यात नव्हतं. सोमवारी त्याला सरावालाच येऊ नको म्हणून सांगितलं. 'शिस्तीच्या कारणावरून चौकशी' एवढंच क्लबने जाहीर केलं, पण गावाला तेवढं पुरलं. सार्वजनिक न्हाणीघरात, गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या माणसांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"तरी मी म्हणत होतो, ऊन कसलं नि काय कसलं!"

"तूच म्हणत होतास ना टोपी घाल म्हणून?"

"मी टोपी घाल म्हटलं, लोकांना घाल नव्हतं म्हटलं!"

टाकीतलं पाणी हसण्याने हिंदकळलं. प्यो कोपऱ्यात डोक्यावर ओला टॉवेल ठेवून बसला होता. त्याला हसू आलं नाही. 'बरोबरच केलं मी,' असं तो स्वतःला सांगत होता. पण मग होचॉलच्या बापाचं, बांग आजोबांचं काय? म्हातारा जन्मभर रेल्वेत सांधेवाला होता. दर शनिवारी तो ढोल तोच वाजवायचा. गेल्या शनिवारी ढोल कुणी दुसऱ्यानेच वाजवला आणि सगळा ताल चुकला.

पुढच्या मंगळवारी प्योने ठरवलं, आता एकदा डोळ्यांनी बघायचंच. खरं असेल तर मन शांत होईल. तो बसस्थानकामागे उभ्या असलेल्या टॅक्सीत जाऊन बसला. चालवणारी बाई पन्नाशीची, केस लाल रंगवलेले.

"कुठे जायचं, आजोबा?"

"आजोबा कुणाला म्हणतेस? ती पांढरी व्हॅन दिसते ना, तिच्या मागे घे."

बाईने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "बायको आहे का आत?"

"नाही गं."

"मग सोडा की! माझा नवरा गेला होता तेव्हा मी नाही कुणाच्या मागे गेले." तोवर व्हॅनमध्ये चढणारा माणूस तिला दिसला आणि तिने स्टिअरिंगवर थाप मारली. "अगंबाई, हा तर तो! विकाऊ! आणि तुम्ही... तुम्ही क्लबचे ना? टीव्हीवर बाकावर बसलेले दिसता. चला चला. याला पकडायचं असेल तर मीटर नाही टाकत मी!"

व्हॅन हुनचुनच्या रस्त्याला लागली. एका बाजूला नदी, कुंपणाची तार, पलीकडे उघडेबोडके डोंगर. बाई सगळा वेळ बोलत होती. तिच्या भावाने त्या मॅचनंतर टीव्हीवर बूट फेकला होता. "सांगा तुम्हीच, कीपर म्हणजे घराचं दार. दारच आतून कडी काढायला लागलं तर झोपायचं कसं माणसाने?" प्यो हूं हूं करत होता.

व्हॅन एका खेड्यात शिरली आणि मक्याची कणसं टांगलेल्या एका बुटक्या घरासमोर थांबली. होचॉल आणि तो काळ्या जाकिटाचा माणूस आत गेले. प्यो टॅक्सीतून उतरला. "आरडाओरडा झाला तर मी आहेच," बाई म्हणाली आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली.

घराचं दार अर्धवट उघडं होतं. आत जुगाऱ्यांचं टोळकं असेल, टेबलावर फोन असतील, कोपऱ्यात बॅग असेल, असं काहीबाही प्योने मनात रंगवलं होतं. आत होती नुसती ऊबदार जमीन आणि तिच्यावर अंथरलेली चटई. चटईवर होचॉल उताणा पडला होता. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा त्याच्या डाव्या डोळ्याभोवती बारीक सुया टोचत होता. भुवईत, कपाळावर, गालाच्या हाडावर. काळ्या जाकिटाचा माणूस चुलीवर काढा ढवळत होता.

"कोण आहे?" होचॉलने विचारलं. त्याला मान हलवता येत नव्हती. प्यो त्याच्या डाव्या बाजूलाच, दोन हातांवर उभा होता.

"हलू नकोस," म्हातारा वैदू ओरडला. मग प्योकडे वळून म्हणाला, "बाहेर थांबा. नंबराने घेतो मी."

"होचॉल," प्यो म्हणाला.

आवाज ओळखून होचॉल म्हणाला, "सर. सासुरवाडी बघायला आलात?"

प्यो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. सुया निघाल्यावर होचॉल उठून बसला आणि त्याने सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. जूनमध्ये समोरच्या संघाच्या एका खेळाडूचा बूट तोंडावर बसला होता, ते सगळ्यांना माहीत होतं. तो तसाच खेळत राहिला म्हणून गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर डाव्या डोळ्यात काळे ठिपके दिसू लागले. मग खालून वर एक सावली चढायला लागली. आता त्या डोळ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

"सरावात तुम्ही कुठून मारणार ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं मारताय. मॅचमध्ये कोण कुठून मारेल ते कसं कळणार?"

"अरे गाढवा, डॉक्टरकडे जायचं सोडून हे काय?"

"डॉक्टर क्लबचा. तो क्लबला सांगणार. डिसेंबरात माझा करार संपतोय आणि घरी बायकोला सातवा महिना लागलाय. एका डोळ्याचा कीपर कुठला क्लब ठेवेल?" त्याने काळ्या जाकिटाच्या माणसाकडे बोट केलं. "हे या वैदूंचे जावई. भाजीच्या गाडीतून नेतात-आणतात. बरं होईल म्हणाले वर्षअखेरपर्यंत."

वैदू खाली मान घालून सुया पुसत होता.

"मला सांगायचं होतंस," प्यो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

प्योने त्याला बाकावर बसवलं असतं. तेच बरोबर ठरलं असतं, आणि तेच होचॉलला नको होतं.

"एक सांगा सर," होचॉल म्हणाला. "लुआन साहेबांच्या कानात हे कुणी भरलं, तुम्हाला कळलंय का? बाबा घराबाहेर पडत नाहीत. दूधवालासुद्धा तोंड फिरवतो. मला फक्त नाव हवंय."

चुलीवरचा काढा खदखदत होता. प्योला वाटलं, 'माहीत नाही' म्हणणं किती सोपं आहे.

"मीच," तो म्हणाला.

होचॉलने त्याच्याकडे पाहिलं, मान पूर्ण वळवून, चांगला डोळा त्याच्यावर रोखून. मग जाकीट उचललं आणि बाहेर गेला. टॅक्सीतून बाईचा आवाज आला, "पकडलं का हो?"

त्या दिवशी होचॉल प्योशी बोलला नाही, पण टॅक्सीत मात्र बसला. कारण प्योने त्याच्या दंडाला धरलं होतं आणि काही केल्या सोडत नव्हता. बाईने आरशातून दोघांकडे एकदा पाहिलं आणि खिडकीची काच वर घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या रेल्वेने प्यो, होचॉल आणि त्याची बायको युनोक छांगछुनच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि तिला फुटबॉलमधलं काहीही माहीत नव्हतं. "डोळ्यामागचा पडदा सुटलाय," ती म्हणाली. "जूनमध्येच का नाही आलात?" युनोकने नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या पाठीत एक जोरदार बुक्की घातली. मग तिथेच रडू लागली.

ऑपरेशन झालं. डोळा जागेवर राहिला, नजर थोडी परत येईल म्हणाले. खेळणं संपलं, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

प्यो तुमनला परतला तो थेट लुआन यांच्या खोलीत. घडलेलं सगळं सांगितलं. लुआननी शांतपणे ऐकून घेतलं. चहाचं झाकण तसंच बाजूला केलं.

"प्यो सर, गेल्या महिन्यात याच खुर्चीत बसून तुम्ही मला एक गोष्ट सांगितलीत. आज दुसरी सांगताय. मधल्या काळात काय झालं?"

"मी डोळ्यांनी बघितलं, साहेब."

"त्याला घेऊन तुम्ही स्वतः छांगछुनला गेलात. रजा न टाकता." लुआन हसले. "तुम्हा लोकांचं आपसात बरं जमतं. एक पडला की दुसरा उचलतो. मी बाहेरचा माणूस, मला काय कळणार? पण मला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि तुमच्या जुन्या क्लबातल्या त्या प्रकरणाबद्दलही मी ऐकून आहे. एकाच खोलीत राहायचात म्हणे."

प्यो समजावत राहिला, आणि जितकं समजावत गेला तितकं आपलंच बोलणं त्याला पढवल्यासारखं वाटू लागलं. तो आठवडा सरायच्या आत क्लबने त्यालाही घरी बसवलं.

गावात मग नवी चर्चा. न्हाणीघरात तो शिरला की टाकीतलं बोलणं थांबायचं. "डोळा? आता सुचला होय डोळा?" असं कुणीतरी त्याला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणायचं. खाटकाने मटण तोलताना विचारलं, "सर, खरं सांगा, आपल्यात राहील. तुम्ही दोघं मिळूनच होता ना?" त्याने हे विचारलं तेव्हा तो हसत होता, आणि त्या हसण्यात राग नव्हता, उलट जवळीकच होती. तेच प्योला सहन होईना. तो मटण न घेताच दुकानातून निघाला.

एकच माणूस ठाम उभा राहिला, आणि ती निघाली लाल केसांची टॅक्सीवाली. तिने स्वतः सुया बघितल्या नव्हत्या, ते सगळं तिला प्योकडून कळलं होतं, पण आपण आत गेलो होतो असंच ती ज्याला त्याला सांगत सुटली. "या डोळ्यांनी बघितलं! सुया, एवढ्या एवढ्या! विकाऊ माणूस सुया टोचून घेतो का रे?" तिची गिऱ्हाइकं उतरल्यावर बायकांना सांगायची, बायका नवऱ्यांना. खोट्या साक्षीने खरी गोष्ट पसरत गेली. अर्ध्या गावाने मानली. उरलेल्या अर्ध्याने नाही मानली ती नाहीच.

मोसमाच्या शेवटच्या शनिवारी बांग आजोबा स्टेडियमवर आले. प्यो तिकीट काढून पायऱ्यांवर बसला होता. म्हाताऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा हळूहळू रिकाम्या झाल्या. प्यो उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. आजोबांनी मान वळवली नाही.

"पोराने सांगितलं मला, कुणी केलं ते," ते म्हणाले.

"हो."

"मग इथे का बसलास?"

"मला दुसरीकडे बसता येईना."

आजोबांनी बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली, म्हणजे प्योला नीट बसता यावं. मॅच बरोबरीत सुटली आणि चिंदाल्ले क्लब खालच्या विभागात न ढकलला जाता कसाबसा टिकला. आसपास लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पण ते दोघं बसूनच होते.

डिसेंबरात होचॉल छांगछुनहून घरी आला. प्यो सफरचंदांची पेटी घेऊन दारात गेला. होचॉलने पेटी घेतली, पण दारातून बाजूला झाला नाही.

"कुणी विचारलं तर मी सांगेन, सरांनी मला दवाखान्यात नेलं, माझा डोळा वाचवला," तो म्हणाला. "आणि ते खरंच आहे. पण घरात नका येऊ सर. इतक्यात नको."

"बरं," प्यो म्हणाला.

तो खरंच गेला नाही. होचॉल गावातल्या एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवू लागला, हे त्याला दुसऱ्यांकडून कळलं. मुलगी झाली, हेही. रस्त्यात भेटले तर होचॉल कमरेत वाकून नमस्कार करायचा, आजूबाजूच्यांना दिसेल असा, आणि पुढे जायचा. प्यो नदीकाठच्या एका गोदामात पहारेकरी म्हणून लागला होता. आल्यागेल्याची पिशवी तपासायचं ते काम त्याला मनापासून आवडत नव्हतं.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं बोलावणं आलं ते बांग आजोबांच्या तोंडी. "ये," एवढंच म्हातारा म्हणाला. हॉल माणसांनी भरला होता. तांदळाच्या पिठाच्या गोड वड्यांची चळत, फळांचे ढीग, रंगीत झग्यात अवघडून बसलेली मुलगी. टॅक्सीवाली बाई युनोकच्या मावशीसारखी सगळीकडे मिरवत होती. प्यो दाराजवळच्या टेबलावर बसला. तिथून लवकर उठून जाता आलं असतं.

होचॉल एकेका टेबलावर दारू ओतत येत होता. प्योसमोर आल्यावर तो थांबला, मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि वडीलधाऱ्यांना ओततात तशी दोन्ही हातांनी बाटली तिरपी केली. धार पेल्याच्या बाहेर, टेबलावर पडली. अंतर त्याला अजून नीट लागत नव्हतं. त्याचे कान लाल झाले.

प्योने पेला दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश पुढे, धारेखाली नेला.

"पुरे का, सर?" होचॉलने विचारलं.

"भर," प्यो म्हणाला. "घाई कसली आहे."